ड्रॅको क्रूर होता म्हणण्याआधी त्याचा शिलालेख वाचा

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा दावा असा: इ.स.पू. ६२१च्या सुमारास ड्रॅकोने अथेन्सला दिलेले कायदे रक्ताने लिहिलेले होते, भाजी चोरली तरी मृत्युदंड होता, म्हणून पुढे सोलोन या अथेन्सच्या कायदेकाराने ते सगळे रद्द केले.

‘रक्ताने लिहिलेले’ हे उद्गार डेमाडीझ या वक्त्याचे. तो ड्रॅकोनंतर जवळजवळ ३०० वर्षांनी होऊन गेला. हे उद्गार आणि भाजीचोराची गोष्ट, दोन्ही प्लूटार्क हा चरित्रकार सांगतो, तोही आणखी ४०० वर्षांनी. चोरीच्या कलमाचा मूळ मजकूर हाती नाही. आळसाला मृत्युदंड होता असं प्लूटार्क लिहितो, तर पोलक्स हा कोशकार नागरी हक्क जायचे म्हणतो. पोलक्सच ड्रॅकोच्या कायद्यांतल्या २० बैलांच्या दंडाची नोंद देतो. सरसकट मृत्युदंड असता तर हा दंड कुणाला करायचे?

‘सगळे रद्द केले’ हे तर साफ चूक. मनुष्यवधाचा कायदा सोलोनने कायम ठेवला, हे प्लूटार्कनेच लिहून ठेवलंय. इ.स.पू. ४०९-४०८ मध्ये अथेन्सने तो संगमरवरावर नव्याने कोरून घेतला. ही शिळा आज अथेन्सच्या शिलालेख संग्रहालयात आहे. ती बरीच झिजली आहे, पण डेमॉस्थेनीस या वक्त्याच्या भाषणांत यातली कलमं आल्यामुळे झिजून गेलेली अक्षरं पुष्कळ ठिकाणी भरता येतात.

त्यात आहे काय? हेतू नसताना खून झाला तर शिक्षा हद्दपारीची. निवाडा ५१ एफेटाई, म्हणजे अशा खटल्यांचे न्यायाधीश, करणार. मृताचे वडील, भाऊ आणि मुलगे, सगळ्यांनी माफ केलं तरच आरोपीला परत येता येईल. एकानेही नकार दिला तर नाही. हे नातलग नसतील तर चुलत-मावसभावांपर्यंत जायचं. तेही नसले आणि खून अजाणता झाला असं ५१ जणांनी ठरवलं, तर मृताच्या भावकीतून त्यांनी निवडलेले दहा जण परवानगी देऊ शकत. हद्दपार माणूस सीमेवरचे बाजार, खेळ आणि धार्मिक उत्सव टाळत असताना त्याला कुणी मारलं, तर मारणाऱ्यावर अथेन्सच्या नागरिकाला मारल्याचाच खटला. सूडाची साखळी तोडायला हेच कलम सगळ्यात महत्त्वाचं, आणि व्हायरल पोस्टमध्ये नेमकं तेच नसतं.

शिक्षा कडक होत्या, हे अ‍ॅरिस्टॉटलही म्हणतो. ते नाकारायचं कारण नाही. ड्रॅकोला बोल लावायचाच तर कर्ज बुडवणाऱ्याला गुलाम करण्याची प्रथा त्याच्या कायद्यांनंतरही चालू राहिली, याबद्दल लावावा. ती बंद व्हायला सोलोनची वाट पाहावी लागली.