क्यू दाबला, तरी जाईना

सोसायटीच्या टाकीत पाणी किती आहे, हा प्रश्न दिवसातून चाळीस वेळा विचारला जातो आणि चाळीसही वेळा वॉचमनलाच विचारला जातो. मग कमिटीतल्या एखाद्या उत्साही माणसाला सुचतं की गेटवरच्या केबिनमध्ये जुना कॉम्प्युटर धूळ खात पडलाय, टाक्यांना सेन्सर बसवलेलेच आहेत, तर पायथनमध्ये चार ओळी लिहून पातळी टर्मिनलवर, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या त्या खिडकीत, दाखवून टाकू. मुख्य टाकी, खालची टाकी, बोअरची टाकी. तीन नावं, तीन टक्केवाऱ्या, झालं काम.

या 'चार ओळीं'विषयी मला काही सांगायचंय.

पहिली आवृत्ती सगळेच सारखी लिहितात. लूप लावायचा, तिन्ही सेन्सरना विचारायचं, आकडे लिहायचे, ५ सेकंद झोपायचं, पुन्हा पहिल्यापासून. चालतंही छान. अडतं ते बाहेर पडताना. खाली लिहिलेलं असतं, 'बंद करण्यासाठी क्यू दाबा'. माणूस दाबतो. काही होत नाही, कारण प्रोग्रॅम झोपलेला असतो. प्रत्येक सेन्सर उत्तराला १ सेकंद घेत असेल तर ३ सेकंद विचारपूस आणि ५ सेकंद झोप, म्हणजे कळ बघायला प्रोग्रॅम ८ सेकंदांतून एकदाच डोकावतो. माणूस पुन्हा दाबतो, या वेळी जरा जोरात. जोरात दाबलं की यंत्र लवकर ऐकतं, ही आपली लिफ्टच्या बटणापासूनची श्रद्धा. असे चार क्यू होतात. प्रोग्रॅम जागा होतो, पहिला क्यू वाचतो आणि सभ्यपणे निघून जातो. उरलेले तीन कुठे जातील? ते शेलच्या, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड ऐकणाऱ्या प्रोग्रॅमच्या, पुढ्यात पडतात. मग तुम्ही निरागसपणे फायलींची यादी मागणारं एलएस टाइप करता आणि शेल म्हणतो, 'क्यूक्यूक्यूएलएस' नावाची कमांड माझ्याकडे नाही. टर्मिनलचा पडदा रंगवणाऱ्या कर्सेस या लायब्ररीतलं 'फ्लशइन्प' जाताना म्हटलं की हे उरलेले क्यू पुसले जातात, पण ती मलमपट्टी झाली. दुखणं झोपेत आहे.

त्यातून बोअरच्या सेन्सरची वीज गेली असेल तर आणखीनच बहार. नेटवर्कवरून माहिती मागवणारी पायथनची ती लोकप्रिय रिक्वेस्ट्स लायब्ररी टाइमआउट, म्हणजे वाट बघायची मुदत, सांगितला नाही तर स्वतःहून लावत नाही. ती वाट बघते. बघतच राहते. टाइमआउट ३ सेकंद असं हाताने लिहावं लागतं, आणि ते कुणीही पहिल्या दिवशी लिहीत नाही.

इथे कुणीतरी 'थ्रेड वापर' असा सल्ला देतं. थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये बाकीच्यांच्या बरोबरीने चालणारं वेगळं काम. सल्ला बरोबर आहे. घात त्याच्या पुढच्या वाक्यात होतो, कारण माणूस तीन टाक्यांना तीन थ्रेड देतो आणि प्रत्येकाला सांगतो, तुझा आकडा तूच स्क्रीनवर लिही. ओटा एक, स्वयंपाकी तीन, आणि प्रत्येकाला आत्ताच फोडणी द्यायची आहे.

काय बिघडतं ते जवळून बघू. टर्मिनलला '१२व्या ओळीत ४०व्या रकान्यात जा' हे सांगायचं तर एस्केप हे अदृश्य अक्षर, मग चौकोनी कंस, मग १२, अर्धविराम, ४० आणि शेवटी एच, अशी मालिका पाठवावी लागते. ही बोली १९७८च्या व्हीटी१०० टर्मिनलने रुळवली आणि आजची टर्मिनलंही तीच बोलतात. आता मुख्य टाकीच्या थ्रेडने ही मालिका अर्धी पाठवली आणि मध्येच बोअरच्या थ्रेडने आपली मालिका घुसवली, तर टर्मिनलचं तंत्र सुटतं. उरलेलं '४०एच' ते साधा मजकूर समजून छापून टाकतं. मुख्य टाकीची पातळी ४०एच. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर काका हे एकक कुठलं म्हणून विचारणारच.

'पण पायथनमध्ये एका वेळी एकच थ्रेड चालतो ना?' असं म्हणणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं. त्यांना अर्धं माहीत असतं, आणि अपघात अर्ध्यातच होतात. कर्सेस लायब्ररीतलं 'ॲडस्टर' म्हणजे मजकूर लिहिणं, ते पायथनच्या, एका वेळी एकाच थ्रेडला चालू देणाऱ्या, त्या मोठ्या कुलपाच्या आत उरकतं. पण लिहिलेलं पडद्यावर पाठवणारं 'रिफ्रेश' आणि कळ वाचणारं 'गेटच' ही दोन्ही कुलूप सोडून कामाला जातात. म्हणजे नेमका धक्का जिथे लागतो, तिथेच दार उघडं.

मग लोक स्वतःचं लॉक आणतात. स्क्रीनला हात लावण्याआधी लॉक घ्या, काम झालं की सोडा. ऐकायला चोख. पण गेटच हे दिसतं तितकं साधं नाही. खिडकीत, म्हणजे कर्सेस रंगवते त्या पडद्याच्या भागात, काही बदल झालेला असेल तर कळ वाचण्याआधी ते गुपचूप स्वतःच रिफ्रेश करतं. म्हणजे गेटचलाही लॉक हवं. आणि गेटच कळीची वाट बघत लॉक धरून बसलं, की बाकीचे थ्रेड दारात ताटकळतात. लग्नघरातल्या एकुलत्या बाथरूमची अवस्था.

तेव्हा माझं मत ठाम आहे: स्क्रीनला एकाच थ्रेडचा हात लागला पाहिजे, आणि तो मुख्य थ्रेडचा. गावच्या क्रिकेटच्या मॅचमधला फळा आठवा. फळ्यामागे एकच पोरगा पत्रे बदलत असतो. बाकीच्यांनी धावा ओरडून सांगायच्या, पत्र्यांना हात लावायचा नाही. सेन्सरवाल्या थ्रेडने आकडा आणायचा आणि क्यूमध्ये टाकायचा. ही क्यू म्हणजे रांग, कळीवरचा क्यू वेगळा. दोघांचा घोळ टाळायला मी इथून पुढे रांगच म्हणतो. पायथनची ही रांग थ्रेडसाठीच बनवलेली असल्यामुळे वेगळं लॉक लागत नाही.

मुख्य थ्रेड काय करतो? खिडकीला टाइमआउट १०० असं सांगतो. मग गेटच जास्तीत जास्त १०० मिलिसेकंद वाट बघतं आणि कळ आली नाही तर उणे एक घेऊन परततं. परतलं की रांगेत काय आहे ते बघायचं, चित्र बदलायचं, पुन्हा गेटच. सेकंदाला दहा फेऱ्या. क्यू दाबला की फार तर एक दशांश सेकंदात निरोप पोचतो. सेन्सर आपले ५ सेकंदांनी निवांत विचारत बसोत.

रांगेतून दर फेरीला एकच आकडा उचलायचा नाही, रांग रिकामी होईपर्यंत सगळे उचलायचे आणि प्रत्येक टाकीचा शेवटचा ठेवायचा. का? कारण केबिनमध्ये कुणीतरी सेव्ह करायच्या सवयीने कंट्रोल-एस दाबणार. टर्मिनलमध्ये त्याचा अर्थ 'बोलणं थांबव' असा आहे. स्क्रीन गोठते, मुख्य थ्रेड लिहिताना अडकतो, सेन्सरवाले मात्र इमानेइतबारे रांग वाढवत राहतात. यातून सुटायची कळ कोणती? कंट्रोल-क्यू. तिसरा क्यू! एकेकच उचलत असलात तर तो दाबल्यावर साचलेले आकडे एकेक करून सकाळपासूनचा इतिहास दाखवत धावू लागतात, आणि भरलेली टाकी डोळ्यांदेखत रिकामी होऊन पुन्हा भरते.

आता प्रिंट, म्हणजे पायथनची मजकूर छापायची साधी कमांड. थ्रेडमध्ये 'इथपर्यंत आलं का बघू' म्हणून एक प्रिंट टाकायचा मोह सगळ्यांना होतो. तो मजकूर कर्सर जिथे असेल तिथे, म्हणजे टक्केवारीच्या डोक्यावर, जाऊन बसतो. आणि कितीही रिफ्रेश करा, जात नाही. याचं कारण जुनं आहे. कर्सेस १९८०च्या सुमारास बर्कलीत केन अर्नोल्ड यांनी लिहिली तेव्हा टर्मिनल तारेवरून चालत. ९६०० बॉड वेगाच्या तारेवरून सेकंदाला साधारण ९६० अक्षरं जायची, आणि ८० गुणिले २४चा पडदा म्हणजे १,९२० अक्षरं, म्हणजे पूर्ण पडद्याला २ सेकंद. म्हणून ही लायब्ररी काटकसरी आहे. स्क्रीनवर आत्ता काय आहे याची प्रत ती स्वतःजवळ ठेवते आणि फक्त बदललेली घरं पाठवते. तुमचा प्रिंट तिला न विचारता गेला, म्हणजे तिच्या वहीत नोंदच नाही. तिच्या लेखी तिथे अजून ८२ टक्केच आहेत, मग पुसायचं काय? 'रिड्रॉविन' म्हटलं की ती वही बाजूला ठेवून पुन्हा सगळं रंगवते. त्यापेक्षा लॉग फाइलमध्ये लिहा आणि दुसऱ्या टर्मिनलमध्ये फाइलचा शेवट दाखवत राहणारं टेल लावून बघत बसा.

थ्रेड मेला तरी हाच तमाशा. एररचा तो लांबलचक मजकूर स्क्रीनच्या मधोमध उमटतो, तोही जिन्यासारखा, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या शेवटापासून सुरू, कारण कर्सेसने 'नवी ओळ म्हणजे डावीकडे परत जाणं' ही सोय बंद केलेली असते. प्रोग्रॅम मात्र चालूच राहतो. थ्रेडच्या लूपमधलं सगळं काम एरर पकडणाऱ्या ट्रायमध्ये घ्या आणि एररही आकड्यासारखीच रांगेतून पाठवा.

फ्लिकरबद्दल थोडक्यात: दर फेरीला 'क्लिअर' करू नका, 'इरेझ' करा. क्लिअर पुढच्या रिफ्रेशला पूर्ण पडदा नव्याने पाठवायला लावतं, म्हणून तो ट्यूबलाइटच्या स्टार्टरसारखा लुकलुकतो. आणि उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यातल्या शेवटच्या घरात काही लिहू नका. तिथे अक्षर उमटतं आणि वर एररही येते. काम करून शिवाय तक्रार. अशी माणसंही असतात.

सगळ्यात धोकादायक बिघाड मात्र शांत असतो. बोअरचा सेन्सर बंद पडला, थ्रेड पुन्हा पुन्हा प्रयत्न करतोय, आणि स्क्रीनवर जुना आकडा झळकतोय: ८२ टक्के. काल रात्रीचे ८२. नळाला थेंब नाही आणि सेक्रेटरी स्क्रीनचा फोटो ग्रुपवर टाकून पाणी असल्याचं सिद्ध करतात. म्हणून प्रत्येक आकड्यापुढे त्याचं वय लिहायचं, '४ सेकंदांपूर्वी'. १५ सेकंदांपुढे गेलं, म्हणजे तीन फेऱ्या चुकल्या, की आकडा फिका करायचा, आणि एका मिनिटानंतर आकडा काढून नुसती रेघ. हे वय मोजायला भिंतीवरचं घड्याळ नको, फक्त पुढेच जाणारं मोनोटॉनिक घड्याळ घ्या. केबिनमधल्या कॉम्प्युटरची मदरबोर्डवरची बॅटरी संपलेली असते, तो सुरू होतो कुठल्या तरी जुन्या सालात आणि इंटरनेट मिळाल्यावर एकदम आजच्या तारखेला उडी मारतो. मग टाकीतलं पाणी काही वर्षांपूर्वीचं ठरतं.

आणि आपली देवनागरी! टाक्यांची नावं मराठीत हवीत हा आग्रह रास्तच आहे. पण 'मुख्य' या शब्दाची लांबी किती? बाइट मोजले तर १५. पायथनला विचारलं तर ५: म, उकार, ख, हलन्त, य. टर्मिनलचे रुंदीचे तक्ते बहुधा ३ घरं सांगतात. डोळ्यांना दोनच अक्षरं दिसतात. चार साक्षीदार, चार जबान्या. त्यामुळे पायथनने मोजून टाकलेल्या स्पेसनी रकाने जुळत नाहीत, आणि 'मुख्य'च्या ओळीतली टक्केवारी 'खालची'च्या टक्केवारीच्या खाली कधीच येत नाही. नेमकी रुंदी ठरवण्याच्या नादाला लागू नका, त्यात रविवार जातो. आकडे डावीकडे ठेवा, वय मध्ये, आणि नाव सगळ्यात शेवटी. शेवटचा रकाना कितीही लांबला तरी त्याच्या उजवीकडे हलायला कुणी नसतं. सुरुवातीला कुठल्या भाषेची अक्षरं येणार ते सांगणारं 'सेटलोकॅल' मात्र विसरू नका, नाहीतर नावाच्या जागी नुसता कचरा येऊ शकतो.

शेवटी निरोप समारंभ. क्यू दाबला, मुख्य थ्रेड निघाला, स्क्रीन साफ झाली, पण शेलची 'बोला' म्हणणारी खूण, म्हणजे प्रॉम्प्ट, येत नाही, कारण पायथन बाकीचे थ्रेड संपायची वाट बघतो आणि ते बसलेत स्लीप घेऊन. लांबच्या प्रवासाला निघालेल्या घरासारखं, पुढचे गाडीत बसले आणि मागचे गॅस बंद केला का बघायला परत गेले. स्लीपच्या जागी इव्हेंटवर, म्हणजे थ्रेडना इशारा देणाऱ्या खुणेवर, ५ सेकंद वाट बघायला लावा. निघताना इव्हेंट सेट केला की झोपलेला तिथल्या तिथे उठतो. जो नेमका सेन्सरशी बोलत असेल, त्याला तो ३ सेकंदांचा टाइमआउट सोडवतो. वर थ्रेड डीमन करून ठेवा, म्हणजे कुणी हटून बसला तरी घर त्याच्यासाठी थांबणार नाही.

हे सगळं कर्सेसच्या रॅपरमध्ये गुंडाळून चालवा, म्हणजे एरर आली तरी टर्मिनल पूर्ववत होतं. रॅपर न घेता कोसळलात तर पुढे जे टाइप कराल ते दिसणार नाही. घाबरून खिडकी बंद करू नका. न दिसता टाइप करायचं: आर, ई, एस, ई, टी, मग एंटर. एंटरने हललं नाही तर कंट्रोल-जे. दोन सेकंद थांबा. टाकीचं विचारायला तोवर वॉचमन आहेच.