भाऊ, गोळी मागायला ती येतच नाही

अमळनेरहून लिहिणाऱ्या वाचकभाऊंना,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. अफूपासून बनणारी किंवा तशाच गुणाची वेदनाशामकं कुठल्या देशात, कुठल्या वयाच्या बाया-माणसांना जास्त लिहून दिली जातात, यावर मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं की अमेरिकेनं या गोळ्या वाटल्या आणि लोक व्यसनानं मेले, आता एक मेडिकलवाला, म्हणजे मी, तेच खान्देशात आणू पाहतोय. आपल्या माणसांत सोसायची ताकद आहे. आणि बाया जरा जास्तच कण्हतात, म्हणून तिकडच्या आकड्यांत त्या वर दिसतात.

अमेरिकेबद्दल तुमचं बरोबर आहे. मी ते एका वाक्यात उरकलं, ती चूकच झाली. १९९६ साली ऑक्सिकॉन्टिन, याच जातीची एक जोरदार गोळी, बाजारात आलं. त्याचं व्यसन कमी लागतं, असं डॉक्टरांना सांगितलं गेलं आणि या फसवणुकीबद्दल २००७ मध्ये कंपनीनं कोर्टात गुन्हा कबूल केला. २०१२ मध्ये तिथं दर १०० माणसांमागे वर्षाला अशा औषधांच्या ८१ चिठ्ठ्या लिहिल्या जात होत्या. २०२० पर्यंत हा आकडा ४३ वर आला.

पण कण्हण्याचं मला पटत नाही. इंग्लंड, नॉर्वे, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, बहुतेक श्रीमंत देशांत या चिठ्ठ्या बायकांना जास्त मिळतात आणि वय वाढेल तशा वाढत जातात, हे खरं. बाया जास्त जगतात. गुडघे झिजणं, हाडं ठिसूळ होऊन खुबा मोडणं त्यांच्यातच जास्त. शिवाय तिथली बाई स्वतः डॉक्टरकडे जाते. आणि अमेरिकेत अफूच्या जातीच्या औषधांच्या, त्यात चोरटा मालही आला, अतिसेवनानं मरणाऱ्यांत जवळपास ७० टक्के पुरुष आहेत. म्हणजे चिठ्ठ्या एकीकडे जास्त आणि मरणं दुसरीकडे जास्त. देशादेशांची तुलना करतानाही जपावं लागतं. नॉर्वेत कोडीन जास्त चालतं, डेन्मार्कमध्ये ट्रॅमॅडॉल, दोन्ही याच जातीची पण मॉर्फिनपेक्षा सौम्य औषधं. चिठ्ठ्या मोजल्या तर एक देश वर येतो, औषधाची ताकद मोजली तर दुसरा.

आता आपल्याकडचं. २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं हिशोब मांडला होता. गंभीर दुखण्यात तळमळणाऱ्या एका रुग्णामागे वर्षाला मॉर्फिनच्या (अफूपासून बनणारं तीव्र वेदनाशामक) मापात अमेरिकेत ५५ हजार मिलिग्रॅमहून जास्त औषध पोचतं, भारतात ४३. गरजेच्या चार टक्के. आणि आपला सातपुडा ओलांडला की मध्य प्रदेश, तिथं नीमच-मंदसौरला सरकारी परवान्यानं अफू पिकते! १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा आला, त्यातल्या शिक्षा आणि परवान्यांच्या चळतीला घाबरून दवाखान्यांनी, दुकानांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. २०१४ च्या दुरुस्तीनं मान्यताप्राप्त संस्थांना एकाच मंजुरीत ते ठेवता येतं, पण भीती काही गेलेली नाही.

त्या भीतीचा एक चेहरा मी पाहिलाय. यावल तालुक्यातली माझी मावशी, तोंडाचा कॅन्सर. शेवटचे दोन महिने ती पदराचा बोळा करून दातांत धरायची. कोणी विचारलं की हातानंच सांगायची, "दुखत नही." गालाखालची उशी मात्र सकाळी घामानं ओली असायची. जवळच्या मोठ्या दवाखान्यात मॉर्फिन नव्हतं. तिचा नातू भुसावळहून रात्रीच्या गाडीनं मुंबईला गेला आणि १० मिलिग्रॅमच्या गोळ्या घेऊन आला. तिसऱ्या दिवशी मावशीनं पदर सोडला आणि कळण्याची भाकरी दुधात कुस्करून मागितली. तुम्ही जिला ताकद म्हणता ती मी पाहिली आहे, भाऊ. तिच्या दातांनी पदराला भोकं पडली होती.

व्यसनाची काळजी मलाही आहे. कोडीनचं खोकल्याचं औषध मागायला विशीतली पोरं काउंटरवर यायची, मी त्यांना परत पाठवलंय. ट्रॅमॅडॉल २०१८ मध्ये एनडीपीएसखाली आणलं, ते योग्यच झालं. पण या पोरांना अडवायचं म्हणून म्हातारीला अडवायचं, हे मला मान्य नाही. तिच्यासाठी मुलगा येतो, "आईले कायतरी दुखण्याचं द्या" म्हणतो आणि डायक्लोफेनॅकची, म्हणजे अफूशी संबंध नसलेल्या साध्या वेदनाशामकाची, पट्टी घेऊन जातो. सत्तरीच्या पुढे ती रोज खाल्ली तर किडनी जाऊ शकते, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. माझ्या दुकानात गेल्या कित्येक वर्षांत स्वतःच्या दुखण्याची गोळी मागायला आलेली सत्तरीची बाई मला आठवत नाही.

तुम्ही शेवटी सहज लिहिलंय की तुमच्या आईचं वय ७८, खुबा मोडल्यापासून त्या अंथरुणावरच आहेत आणि "काही तक्रार नाही". त्यांना मॉर्फिन लागेल असं मी म्हणत नाही, बहुधा लागणारही नाही. या वयात असली औषधं अगदी थोड्या मात्रेनं सुरू करावी लागतात, बद्धकोष्ठ होतं, चक्कर येऊन पडायची भीती असते. ते डॉक्टरांनीच ठरवायचं. फक्त पुढच्या वेळी डॉक्टर घरी आले की दहा मिनिटं तुम्ही ओट्यावर थांबा, आणि त्यांना एकटीला बोलू द्या.