बिनतर्रीचा माणूस

नागपुरात पोह्यांच्या ठेल्यासमोर उभे राहून ‘तर्री नको’ म्हणायला किती धैर्य लागते, हे ज्याने ते म्हटले आहे त्यालाच ठाऊक. ठेलेवाला पळी हातात तशीच धरून थांबतो, आपल्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळतो आणि अत्यंत सहानुभूतीने विचारतो, ‘‘पुण्याहून आले का, भाऊ?’’ मी पुण्याहून आलेलो नाही. माझा जन्म महालातला, शिक्षण धरमपेठेतले. आतडी मात्र कुठून आणली, याचा खुलासा घरात अद्याप कोणी केलेला नाही.

डॉक्टरांनी सर्व तपासण्या करून ‘इरिटेबल बॉवेल सिंड्रोम’ असे निदान केले आणि त्याचा अर्थ सांगितला, की आतड्यात खोट काही नाही, ती फक्त हळवी आहेत. बायकोने हे ऐकून माझ्याकडे जरा निरखून पाहिले. लग्नाला अकरा वर्षे झाली, पण माझ्यात हळवे असे काही असल्याचे तिच्या कानावर प्रथमच येत होते.

मग आहारतज्ज्ञ बाईंनी एक यादी दिली. काही पदार्थांतली विशिष्ट शर्करा लहान आतड्यात नीट शोषली जात नाही. ती पाणी ओढून घेते, पुढे मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या तावडीत सापडते, आंबते आणि वायू धरते. या शर्करांच्या कुटुंबाला ‘फॉडमॅप’ म्हणतात, आणि त्या टाळण्याचा हा आहार मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी बसवला. यादीत कांदा, लसूण, गहू, हरभरा, दूध आणि आंबा होता. ती वाचताना मला राहून राहून वाटले, की हे संशोधक कधीतरी आमच्या घरच्या लग्नात येऊन पंगतीत बसून गेले असावेत. पाटोडी रस्सा, गोळाभात, झुणका, सांभारवडी यांतून हरभऱ्याची डाळ काढली तर उरते ती केवळ फोडणी, आणि फोडणीतून लसूण काढला तर उरतो तो केवळ ठसका. हिंगाचा आधार घ्यावा म्हणून डबी डोळ्यांजवळ नेऊन वाचली, तर तिच्यात हिंगासोबत गव्हाचे पीठ निघाले. यादीतल्या एकाच गोष्टीने गावाची लाज राखली. नागपुरी संत्र्याला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि एका वेळी एक खाल्ले तर माझ्या पोटाचीही त्याला मान्यता आहे. पण हा सर्व प्रकार सुरू झाला तो मे महिन्यात, जेव्हा बाजारात संत्रे नसते आणि आंबा मात्र दारापर्यंत चालत येतो.

बायको सकाळी बँकेत जाते आणि माझे काम घरूनच चालते, तेव्हा ‘ज्याचे पोट त्याचा तवा’ असा ठराव तिने मांडला व तो एकमताने मंजूर झाला. मत एकच होते. उन्हाळ्यात बाहेर पंचेचाळीस अंश असताना ओट्याशी उभे राहण्याची तक्रार मी करणार नाही, कारण कूलर स्वयंपाकघराकडे वळवला की गॅस विझतो आणि हॉलकडे वळवला की मी, यातून तिसरा मार्ग निघणे शक्य नाही. खरी अडचण मुलांची होती. बाईंनी बजावून सांगितले, की ही बंधने मुलांना लावायची नाहीत, त्यांना पोळी, दूध, डाळ सर्व हवे. आणि तुम्हांलाही ती जन्मभर नाहीत, दोन ते सहा आठवडे पाळा, मग एकेक पदार्थ परत घेऊन पाहा.

माझी यादी निदान छापील होती. मुलांच्या याद्या तोंडी असून त्यांत रोज दुरुस्त्या होतात. सहा वर्षांच्या मुलीला हिरवे म्हणून जे काही दिसते ते गवत असते. भाजीवर सांभार, म्हणजे कोथिंबीर, पेरलेला दिसला, की ती चिमटीने एकेक पान उचलून ताटाच्या कडेला मांडते, आणि तोवर भाजी निवते म्हणून नाकारते. तीन वर्षांच्या मुलाला कोणत्याही पदार्थाने दुसऱ्याला शिवलेले चालत नाही. वरण भाताकडे सरकले की तो ताट ढकलतो. पोळी अख्खीच हवी. ती मोडून दिली तर पुन्हा जोडून मागतो. तिघांच्या याद्या शेजारी ठेवून सर्वांना चालेल असे काय, ते मी पाहिले. भात, तूप आणि मीठ. त्यात मुगाच्या डाळीची थोडकी भर घालून मी तीन दिवस खिचडी लावली. चौथ्या दिवशी आईने कुकरचे झाकण उचलून आत पाहिले आणि विचारले, ‘‘काऊन रे, ताप आहे का कोणाले?’’

त्या रात्री मी लसणाची युक्ती वाचली. लसणातले जे फ्रुक्टन, म्हणजे त्या फॉडमॅप कुटुंबातलीच एक शर्करा, पोटाला छळते ते पाण्यात विरघळते, तेलात विरघळत नाही. म्हणून अख्ख्या पाकळ्या तेलात मंद तळायच्या, वास उतरला की त्या बाहेर काढायच्या आणि मगच भाजी नि पाणी घालायचे. असे तेल एकदाच करून बरणीत भरावे तर तेही नाही, कारण लसणाचे तेल बाहेर राहिले तर त्यात बोटुलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जंतू वाढू शकतात. तेव्हा रोजचा लसूण रोज काढणे आले. दुसऱ्या दिवशी मी नऊ पाकळ्या मोजून कढईत सोडल्या. घरभर असा वास सुटला, की आईचा चेहरा महिन्यात पहिल्यांदा उजळला. मी पाकळ्या काढायला घेतल्या, एवढ्यात दारावर कुरिअरवाला आला. परतून, उरलेल्या काढून, मी बटाटे आणि पाणी घातले, आणि वाटीतल्या पाकळ्या पाहिल्या तर त्या आठ.

‘‘बाबा, नऊ वजा आठ एक,’’ मुलीने मदत केली. मी रस्सा परातीत ओतला. चमच्याने एकेक फोड उलटून पाहिली, मग दाबून पाहिली, कारण तळलेली पाकळी आणि बटाट्याचा लहानसा तुकडा यांत फारसा फरक नसतो. सुमारे वीस मिनिटांनी रश्श्याचे भरीत झाले होते. आई जपमाळ बाजूला ठेवून शांतपणे म्हणाली, ‘‘एक मी खाल्ली. चांगली खरपूस झाली होती.’’

पाच आठवड्यांनी पोट शांत झाले आणि पदार्थ परत घेऊन पाहण्याची वेळ आली. मी कांद्यापासून सुरुवात केली, जे धाडस नव्हे, निव्वळ आसक्ती होती. रीत अशी, की एकच पदार्थ तीन दिवस, रोज थोडा वाढवून घ्यायचा. मी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढून पहिल्या दिवशी 10 ग्रॅम कांदा मोजला. मुलगा स्टुलावर चढून काट्यावरचे आकडे बघत होता. दुसऱ्या सकाळी आईने दारातूनच विचारले, ‘‘काय झालं रे तुया कांद्याचं?’’ दूधवाला माप हातात धरून थांबला. त्यालाही निकाल हवा होता. दोन दिवस उत्तीर्ण झालो. तिसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता नापास झालो, आणि त्या गुणपत्रिकेचा तपशील येथे देणे प्रशस्त नाही.

मी काटा उचलून फडताळात ठेवू लागलो, तर मुलाने हात धरला. ‘‘माझा पण मोज.’’ ज्याला भाजीतला शिजलेला कांदा दिसताच उमासा येई, त्याच्यासाठी मी एक चकती काट्यावर ठेवली. आकडा आला 6. त्याने ती कच्ची चकती चावून खाल्ली, डोळे पुसले आणि म्हणाला, ‘‘अजून.’’ तेव्हापासून आमच्या घरी दोन्ही वेळा कांदा चिरला जातो, काट्यावर मोजला जातो आणि त्याच्या ताटात, कशालाही न शिवेल असा, वेगळा वाढला जातो. चिरायला अर्थातच मी असतो.