क्वारंटाईन पाळायला सांगताय? मग आधी त्यांच्या रोजंदारीचं बोला

साथ आली की कुणीतरी म्हणतंच, "या लोकांना काही कळतच नाही." हे लोक म्हणजे हातावर पोट असणारे, एका खोलीत आठजण राहणारे, परक्या मुलखात कामाला आलेले. मला हे बोलणं अजिबात मान्य नाही. घरी बसलं तर पोरं उपाशी राहतील, हे त्यांना पक्कं कळतं.

मेरी मॅलन न्यूयॉर्कमध्ये स्वयंपाकीण होती. आयर्लंडहून आलेली, स्वतः ठणठणीत, पण तिच्यापासून टायफॉईड पसरत होता. १९०७ मध्ये तिला धरून एका बेटावर ठेवलं. १९१० मध्ये सोडलं, ते पुन्हा स्वयंपाकाचं काम न करण्याच्या बोलीवर. कपडे धुण्याच्या कामात पैसे फार कमी. ती नाव बदलून पुन्हा चुलीपाशी गेली. १९१५ मध्ये एका प्रसूतिगृहात २५ जणांना लागण झाली, दोघं दगावले. पुढची २३ वर्षं, मरेपर्यंत, ती त्याच बेटावर. तिनं केलं ते वाईटच, त्यावर पांघरूण घालायचं नाही. पण तेवढाच पगार देणारं दुसरं काम तिला मिळालं असतं तर?

जबरदस्तीनं काय होतं तेही जगानं पाहिलंय. ऑगस्ट २०१४ मध्ये इबोलाच्या भीतीनं लायबेरियातल्या मनरोव्हिया शहराची वेस्ट पॉइंट वस्ती सैन्यानं वेढली. दंगल झाली, गोळीबारात एक कोवळा मुलगा गेला, आणि दहा-अकरा दिवसांत वेढा उठवावा लागला. मग वस्तीतलीच माणसं दारोदार फिरून आजारी शोधू लागली. ओळखीचा माणूस दारात आला की लोक लपवत नाहीत.

जुलै २०२० मध्ये, कोविडच्या साथीत, ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्येही लोक राहत असलेल्या नऊ सरकारी इमारतींना आगाऊ सूचना न देता पोलिसांनी वेढा घातला. आत राहणारे बरेचजण निर्वासित, त्यातले काही युद्धातून जीव वाचवून आलेले. त्यांना दारात गणवेश दिसल्यावर काय वाटलं असेल!

म्हणून आरोग्य कर्मचाऱ्यानं पत्रक हातात ठेवण्याआधी बसून विचारावं: तुमचा रोज किती बुडेल? घरात म्हातारं माणूस कोण, त्याच्या गोळ्या किती दिवस पुरतील? वेगळी खोली नसेल तर झोपायची सोय कुठं करू? बुडालेल्या रोजाचे पैसे पहिल्याच दिवशी हातात पडायला हवेत, महिन्यानं नव्हे. शेवटचा दिवस कोणता, ते त्यांच्या भाषेत लिहून द्यावं. आणि ज्यांच्याकडे कागदपत्रं नाहीत, त्यांचं नाव पोलिसांकडे जाणार नाही, हे नुसतं तोंडी सांगून भागणार नाही. तसा लेखी आदेशच निघाला पाहिजे.