‘गाडीखाली कधी गेलात का?’ : हँडब्रेकवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

मालक, तुम्ही ‘एक ट्रकमालक’ एवढंच नाव टाकलंत, म्हणून मालकच म्हणतो. जुन्या ट्रकचा हँडब्रेक ढिला पडला तर काय काय पाहावं, यावर मी लिहिलं होतं. त्याखाली तुमचं म्हणणं असं: केबलचा नट आवळला की काम झालं, ड्रम (चाकाबरोबर फिरणारा, ब्रेक झाकणारा लोखंडी डबा) उतरवा म्हणणं ही गिऱ्हाइकाची लूट, गाडी गिअरमध्ये उभी केली की हँडब्रेक लागतोच कुणाला, आणि वर, ‘असं लिहिणारे गाडीखाली कधी गेलेत का?’

मतभेदाचं मला वावडं नाही. शेवटचं वाक्य मात्र तुम्ही विचारायला लिहिलेलं नाही, हिणवायला लिहिलंय, आणि ते मला लागलं. वाद केबलवर घालायचा सोडून तुम्ही माणसावर घसरलात. अनोळखी माणसाशी असं बोलायची आपल्याकडे रीत नाही. तेव्हा आधी त्याचंच उत्तर घ्या.

माझे वडील गोव्यात कुडचड्याच्या बाजूला खनिजाचा ट्रक चालवायचे. शाळेला सुट्टी पडली की क्लीनर मी. चाकाला दगड लावणं, जॅक चढवणं, ड्रम उतरला की आतली भुकटी ओल्या फडक्याने पुसणं, ही माझी कामं. 2012 मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या आणि आमच्यासारखे कितीतरी ट्रक हँडब्रेक ओढून जागच्या जागी उभे राहिले. त्यावर पावसाळे गेले. नंतर गाडी हलवायला गेलो तर मागची डावी चाकं फिरेनात, नुसती फरफटत आली. ड्रम ठोकून ठोकून सोडवला. लायनर, म्हणजे ब्रेक लावला की ड्रमला आतून घासणारा पट्टा, गंजाने ड्रमला चिकटलेला. केबलच्या आवरणात, जिथे ती सगळ्यात खाली वाकते तिथे, पाणी आणि तांबडी माती साचून आतली तार जाम झालेली. आणि वर केबिनमधला लीव्हर? एकदम घट्ट! फिटरनेही आधी तो ओढून ‘हँडब्रेक बरा आहे’ असंच सांगितलं होतं. हे मी पाठीवर पडून, डोळ्यांत माती घेऊन पाहिलंय. तुम्ही डिवचलंत म्हणून सांगावं लागलं.

आता केबल. नवी केबल टाकली की सुरुवातीला थोडी ताणते, तेव्हा नट आवळावाच लागतो. एवढं तुमचं खरं, आणि ते मी मोकळ्या मनाने मान्य करतो. पण जुन्या गाडीत लीव्हर खटक्यामागून खटके वर येत राहतो, त्याचं कारण बहुतेक वेळा ड्रममध्ये असतं. लायनर झिजून ड्रमपासून लांब गेलेला असतो. ते अंतर केबल ओढून भरून काढलंत की ड्रममधला हँडब्रेकचा दांडा पूर्ण मागे परततच नाही, कायम अर्धवट ओढलेला राहतो. लायनर घासत राहतो. मग अनमोडचा घाट उतरून खाली आलात की ड्रमजवळ हात नेता येत नाही. याला तुम्ही ‘काम झालं’ म्हणता?

म्हणून मी क्रम दिला होता, तो नीट वाचला असता तर बरं झालं असतं. पुढच्या चाकांना दगड, मागची चाकं उचलून खाली स्टँड, केबल पूर्ण ढिली. चाक अडेपर्यंत ॲडजस्टर, म्हणजे लायनर ड्रमजवळ सरकवणारा स्क्रू, आवळायचा, मग चाक मोकळं फिरेपर्यंत सोडायचा, पेडल दाबून लायनर जागेवर बसवायचे. केबलला हात सगळ्यात शेवटी. ब्रेकचं पेडल पहिल्या दाबाला खोल जातं आणि लगेच पुन्हा दाबलं की वर येतं, तर अंतर लायनरचंच समजा. पेडल चांगलं आणि हँडब्रेकच तेवढा ढिला, तर केबल बघा. हँडब्रेक ओढल्यावर एका बाजूचं चाक अडतं आणि दुसऱ्या बाजूचं हाताने फिरतं, तर त्या बाजूची केबल जाम आहे, नाहीतर चाकाच्या हबमधलं तेल अडवणारं सील गळून लायनर तेलकट झालाय. तेल प्यालेला लायनर पेट्रोलने पुसून चालत नाही, बदलावा लागतो. ड्रम न उतरवता हे तुम्हाला कसं दिसणार?

लुटीबद्दल म्हणाल तर माझं गॅरेज नाही आणि कुणाच्या बिलात माझा वाटा नाही. गिअरमध्ये उभी केलेली गाडी इंजिनच्या कंप्रेशनवर, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेच्या अडवणुकीवर थांबते, आणि जुन्या इंजिनचं कंप्रेशन उतरलेलं असतं. चिरे भरलेली गाडी चढावर नुसत्या गिअरवर उभी करायची असेल तर खुशाल करा, पण तिच्या मागे दुसऱ्याचं पोर खेळत नाही ना ते आधी पाहा.

इतर वाचकांसाठी एक: हे सगळं केबलवाल्या हँडब्रेकचं. एअरब्रेकच्या गाडीत स्प्रिंगचा चेंबर असतो. आतली स्प्रिंग प्रचंड ताकदीने दाबलेली असते आणि उसळली तर जीव घेते. तो घरी कुणीही उघडू नये.

मालक, पुन्हा लिहाल तर गाडी कुठल्या सालची, कुठल्या बाजूचं चाक फिरतं आणि पेडल कितपत खाली जातं, एवढं लिहा. त्याला उत्तर देईन. टोमण्याला पुन्हा देणार नाही.