मोठ्या सोनोग्राफीला बायकोसोबत जाताना

अभिनंदन. पाचवा महिना लागला, डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘ॲनोमली स्कॅन’ लिहून दिलं आणि तुम्ही चक्क अर्ध्या दिवसाची रजा टाकलीत. तुमच्या वाट्याचं गरोदरपण इथेच पार पडलं. उरलेलं ती बघून घेईल.

चिठ्ठीवरच्या त्या शब्दाचा अर्थ मात्र शोधत बसू नका. ॲनोमली म्हणजे व्यंग. बाळात कुठे काही कमी-जास्त नाही ना, हे बघायला ही तपासणी असते असं एकदा कळलं की उगाच गंभीर व्हावं लागतं. त्यापेक्षा घरात ‘बाळ बघायला चाललोय’ असं जाहीर करा. म्हणजे दोघी-तिघी आपणहून तयार होतील. खोलीत एकालाच घेतात, तेव्हा दाराशी थोडी हुज्जत घाला. पोट तिचं असलं तरी बाळ सगळ्यांचं आहे, हा मुद्दा चालतो.

तारखेचंही फार मनावर घेऊ नका. हा स्कॅन साधारण 18 ते 22 आठवड्यांत करतात. त्याआधी हृदयाचे कप्पे नीट दिसतील एवढे मोठे नसतात, आणि उशीर केला तर काही सापडल्यावर विचार करायला वेळ उरत नाही. पण तुमच्या ऑफिसात क्लोजिंग असेल तर गर्भानं थांबायला हवं. शिवाय हे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणजे पहिले दोनेक आठवडे बाळ अस्तित्वातच नसतं. ही गफलत तुमच्या लक्षात आली आहे, हे डॉक्टरांना अवश्य सांगा. त्यांना कुणी सांगितलंच नसेल.

निघण्यापूर्वी तिला पाणी पाजा, तांब्यावर तांब्या. सुरुवातीच्या महिन्यांत भरलेल्या मूत्राशयामुळे गर्भाशय नीट दिसायला मदत होते, हे खरं. विसाव्या आठवड्याच्या सुमाराला गर्भाशय बेंबीपर्यंत वर आलेलं असतं, त्यामुळे एवढ्या पाण्याची सहसा गरज पडत नाही. पण केंद्रावर फोन करून ‘पाणी किती प्यायचं’ हे विचारण्यापेक्षा कुणाच्या तरी ऐकीव सल्ल्यावर बायकोला दीड तास पाय आवळून बसवणं सोपं. तिनं तिसऱ्यांदा ‘अजून किती नंबर?’ विचारलं की मोबाइलमधून मान वर न काढता म्हणा, ‘येईल गं, सगळेच थांबलेत.’

आत गेल्यावर तिच्या पोटावर गारेगार जेल ओततील. ती दचकेल. तेव्हा ‘एवढ्याला घाबरलीस, मग पुढे कसं होणार’ हा विनोद करा. तो फक्त नवऱ्यांनाच सुचतो. पोटावर फिरवायचा प्रोब आणि कातडी यांच्यात हवेचा पातळ थर राहिला तर आवाजाच्या लहरी तिथूनच माघारी फिरतात, म्हणून ते जेल. आपल्या कानाला 20 हजार हर्ट्झच्या पुढचं ऐकू येत नाही, आणि हे यंत्र काही दशलक्ष हर्ट्झमध्ये बोलतं. तुम्हीही त्याच सुमाराला बोलायला लागा.

या यंत्राचा इतिहास तर विसरूनच जा. 1955 साली ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी गाडीच्या डिकीत घालून एका बॉयलरच्या कारखान्यात घेऊन गेले. लोखंडातल्या, वरून न दिसणाऱ्या भेगा तिथे आवाजाच्या लहरींनी शोधत. त्याच यंत्रावर त्यांनी त्या गाठी तपासल्या, तुलनेला मांसाचा एक तुकडाही नेला होता. तीन वर्षांनी, 1958 मध्ये, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि सहकाऱ्यांचा लेख आला, आणि पोटातलं बाळ पडद्यावर दिसू लागलं. म्हणजे मुळात हे यंत्र भेगा शोधणारं. आपण त्याला फोटोग्राफर केलं, ही आपली कर्तबगारी.

आता पडदा. करड्या धुळीत काहीतरी हलतंय, एवढंच तुम्हाला कळेल, पण गप्प बसू नका. डॉक्टर त्या वेळी डोक्याचा घेर, पोटाचा घेर, मांडीच्या हाडाची लांबी मोजत असतील. कणा मणक्यागणिक बघत असतील. वरचा ओठ सलग आहे का, दोन्ही मूत्रपिंडं जागेवर आहेत का, नाळेत दोन रोहिण्या आणि एक नीला अशा तीन वाहिन्या आहेत का, वार कुठे चिकटली आहे, बाळाभोवतीचं पाणी पुरेसं आहे का, हे सगळं चाललेलं असेल. हृदय तर अंगठ्याच्या पेराएवढंही नसतं, मिनिटाला 110 ते 160 वेळा धडधडतं, आणि त्याचे चार कप्पे न् बाहेर पडणाऱ्या मोठ्या वाहिन्या त्या धावपळीत बघायच्या असतात. नेमक्या अशा वेळी ‘सगळं नॉर्मल ना डॉक्टर?’ असं विचारा. उत्तर आलं नाही की दहा सेकंदांनी पुन्हा. डॉक्टर गप्प म्हणजे नक्कीच काहीतरी लपवताहेत. मोजताना माणूस गप्प असतो, हे तुमच्या डोक्यात येता कामा नये. मग बायकोच्या चेहऱ्याकडे बघा. तुमचा चेहरा बघून तिचा उतरलेला असेल.

फोटो हवाच. माझ्या वेळी आमच्या ह्यांनी पडद्याचा फोटो घाईघाईनं काढून सगळ्या नातेवाइकांना धाडला. गोल आकार, मधे एक काळा ठिपका. नणंदेचं उत्तर मिनिटात आलं, डोळे अगदी बाबांवर गेलेत. मावशींना हनुवटीसुद्धा दिसली. दुसऱ्या दिवशी फाइल घेऊन गेले तेव्हा डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, हा पोटाचा आडवा छेद आहे, आणि तो काळा ठिपका म्हणजे बाळाचं जठर, त्यात गिळलेलं पाणी आहे. घरी आल्यावर मी कुणालाच काही बोलले नाही. सासरेबुवांनी तो फोटो फ्रेम करायला दिला होता.

बाळ पालथं असेल तर काय करायचं? पाठ प्रोबकडे असली की कण्याची सावली पडते आणि हृदय झाकलं जातं. मग डॉक्टर सांगतात, जरा फिरून या, कुशीवर वळा, थोड्या वेळानं पुन्हा बघू. हा तुमचा अपमान आहे असं समजा. विसाव्या आठवड्याला डोक्यापासून टाचेपर्यंत जेमतेम 25 सेंटिमीटरचा, तीन-साडेतीनशे ग्रॅमचा तो जीव आत्तापासूनच सांगितलेलं ऐकत नाही, आणि हे आईकडूनच आलंय, हे तिला पॅसेजमध्ये फिरवता फिरवता ऐकवा.

रिपोर्ट हातात पडला की आधी तुम्ही वाचा. डोकं 20 आठवडे 2 दिवस, मांडीचं हाड 19 आठवडे 4 दिवस, असं काहीतरी लिहिलेलं असेल. पाय पाच दिवस मागे राहिले! मोजमापात एवढा फरक पडतोच, आणि उंच आणि बुटकी माणसं पोटात असतानाही उंच आणि बुटकीच असतात, हे डॉक्टर सांगतील. त्यांना काय कळतंय. ‘वार खाली आहे’ असं असेल तर तिला लगेच पलंगावर झोपवा. गर्भाशयाचा खालचा भाग पुढे वाढतो तशी बहुतेकींची वार गर्भाशयाच्या तोंडापासून दूर सरकते, म्हणून शेवटच्या महिन्यांत पुन्हा बघतात, एवढी साधी गोष्ट तुम्हाला नेटवर सातव्या पानापर्यंत सापडणार नाही. आणि सगळं ठीक लिहिलेलं असेल तर तो रिपोर्ट गॅरंटी कार्डासारखा जपून ठेवा. काही गोष्टी या स्कॅनमध्ये दिसतच नाहीत, डाऊन सिंड्रोमचं पक्कं निदान यावर होत नाही, हे त्यातच खाली बारीक अक्षरात छापलेलं असतं. बारीक अक्षरं वाचायची आपल्याला सवय नाही, ते बरंच आहे.

हे सगळं जमलं तर शेवटचं एक. प्रोब बाजूला ठेवला की लगेच बाहेर पडा, फोन करायचे असतात. दोन टिश्यू तिच्या हातात दिले की झालं. ते जेल दोन टिश्यूंनी पुसलं जात नाही, ते कुर्त्याला लागतं, पण तुम्ही तोवर जिन्यात असाल. ग्रुपवर ‘ऑल नॉर्मल’ टाका, पुढे तीन अंगठे. आत डॉक्टर तिला सांगत असतील, की बाळ शेवटपर्यंत वळलं नाही, हृदय पूर्ण दिसलं नाही, पुढच्या आठवड्यात पुन्हा यावं लागेल. ती एका हातानं नाडी बांधत मान डोलवेल आणि दाराकडे बघेल.