चार महिने झाले म्हणून तलंग अंडं देत नसते

‘तलंग (अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी) चार महिन्यांची झाली की अंडं दिलंच पाहिजे. लवकर यावं म्हणून लहानपणापासून लेयर खाद्य (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य) घाला, रात्रभर दिवा लावा, कोंबडा आणा. पहिली अंडी मात्र फेकून द्या, विषारी असतात.’ हा संदेश फिरत फिरत माझ्या धाकट्या जावेपर्यंत पोचला आणि तिने दहा आठवड्यांच्या पिल्लांसाठी लेयर खाद्याचं पोतं फोडलं. नाहीतर असल्या फॉरवर्डला उत्तर देत कोण बसतं!

चार महिन्यांचं आधी उरकते. अंड्यांसाठीच तयार केलेल्या संकरित जाती 17-18 आठवड्यांत अंड्यावर येतात, एवढंच त्यात खरं. अंगाने जड जाती 24-28 आठवडेही घेतात. त्यात दिवस लहान होत चालले असतील तर आणखी उशीर. कॅलेंडर सोडा, कोंबडी बघा. तुरा फुगून लालभडक झालाय का? पाठीवर हात ठेवला की पळायचं सोडून पंख किंचित उघडून दबून बसते का? मागे गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना हाडांची टोकं हाताला लागतात. त्यांच्यामध्ये जेमतेम एक बोट मावत असेल तर थांबा.

खरा संताप लेयर खाद्याचा. वाढीच्या खाद्यात कॅल्शियम 1 टक्क्याच्या आसपास असतं, लेयर खाद्यात 3.5 ते 4.5 टक्के. एका कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम जातं, म्हणून अंडी देणारीला ते हवंच. पण लांब हाडांच्या पोकळीत त्याचा साठा सुरू होतो तो पहिल्या अंड्याच्या साधारण दोन आठवडे आधी. त्यापूर्वी जादाचं कॅल्शियम ठेवायला जागाच नाही. सगळा भार मूत्रपिंडांवर. तिथे युरेट (युरिक आम्लाचा क्षार) साचतं, खडे होतात, मूत्रपिंडाचा भाग सुकतो आणि वरून काही म्हणजे काही कळत नाही. पक्षी खातो-पितो, अंड्यावरही येतो, आणि एका सकाळी खुराड्यात मरून पडलेला दिसतो. मग कुणीतरी म्हणतंच, नजर लागली! पशुवैद्य ज्याचा आधार घेतात त्या मर्क व्हेटर्नरी मॅन्युअलमध्येही वयात न आलेल्या पक्ष्यांना दिलेलं जादा कॅल्शियम हे मूत्रपिंड बिघडण्याचं कारण म्हणून दिलेलं आहे. पहिलं अंडं दिसेपर्यंत वाढीचंच खाद्य घाला. लहान-मोठ्या एकत्र असतील तर शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, जिला लागेल ती खाईल.

दिव्याचं, नाइलाजाने, थोडं मान्य. 14-16 तासांच्या उजेडाने अंड्याला चालना मिळते. पण रात्रभर? आणि अंग भरायच्या आत? घाईने आणलेलं अंडं अडकू शकतं, कधी अंडनलिकाच बाहेर येते, आणि मग बाकीच्या तिथेच चोची मारतात.

कोंबडा पिल्लांसाठी लागतो, अंड्यांसाठी नाही. पुढे!

पहिली अंडी लहान असतात, कधी बलक नसतो, कधी दोन असतात, कधी कवच मऊ. अंडनलिकेचा मेळ बसेपर्यंत असं चालतंच. विषारी कसली? मऊ कवचाचं किंवा तडकलेलं तेवढं टाका, बाकीची खुशाल तव्यावर फोडा.